आजीचं माहेर सापडलं ते तिच्या भावंडांच्या लग्नांतून

बाबा दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वर्षभरात आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिल्या सासुरवाडीचं येणंजाणं हळूहळू आटलं. आजीचं माहेरचं आडनाव घरात ठाऊक होतं, पण ते सातारा जिल्ह्यात दर दुसऱ्या गावात सापडणारं. वडिलांचं नाव, गाव, काही नाही. १९४६च्या सुमाराला खेड्यात झालेल्या तिच्या लग्नाची पत्रिकाही उरलेली नव्हती, आणि ते पेपरात कोण छापणार होतं?

हाताशी होतं एक कात्रण. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पोस्टाच्या जुन्या पासबुकात घडी घालून ठेवलेलं. "आमचे येथे श्रीकृपेकरून आमची तृतीय कन्या चि. सौ. कां." अशी सुरुवात, खाली आजीच्या माहेरचं आडनाव आणि शेवटी ते नेहमीचं, नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास हेच आग्रहाचे समजावे. म्हणजे ही आजीची धाकटी बहीण, आणि आजी पहिली किंवा दुसरी. गावाचं नाव असलेला कोपरा गेलेला. तारीखही गेलेली. मितीचं "निज वैशाख शु." एवढंच शिल्लक.

त्या "निज"नेच वर्ष दिलं. वैशाख अधिक आला की पुढच्या खऱ्या वैशाखाला निज म्हणायचं; एरवी कुणी नुसत्या वैशाखाला निज लावत नाही. जुनी पंचांगं पाहिली तर आमच्या कामाच्या काळात अधिक वैशाख तीनदाच: १९३४, १९५३ आणि १९७२. १९३४मध्ये आजीच पाळण्यातून नुकती उतरलेली, तर तिची धाकटी बहीण कुठून लग्नाला उभी राहणार? १९७२मध्ये ती चाळिशीकडे झुकली असती. राहिलं १९५३, शके १८७५. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे आणि मिती शुद्ध पक्षातली, त्यामुळे बघायचा होता मेच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ.

पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात त्या सालच्या बांधीव फायली मिळाल्या. कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यामुळे पान उलटताना कडा तुटून मांडीवर पडायच्या. संगणकावर शब्द टाकून शोधायची सोय नाही; छोट्या जाहिरातींचे रकाने बोट ठेवून वाचायचे. अशा जाहिराती बहुधा लग्नाच्या एक-दोन दिवस आधी येतात, म्हणून दाट मुहूर्तांच्या मागचे अंक मी आधी घेतले. जाहिरात सापडली आणि फाटलेला कोपरा भरून निघाला: वाई तालुक्यातलं एक गाव, आणि निमंत्रक म्हणून आजीचे वडील, पूर्ण नावानिशी.

इथे थांबता आलं असतं. पण एका नावावरून ते माझेच पणजोबा हे सिद्ध होत नाही. त्या आडनावाची, त्याच नावाची दोन माणसं एका गावात असू शकतात (आमच्याच गावात एका नावाचे तिघे आहेत आणि पोस्टमन तिघांनाही शिव्या घालतो). म्हणून आजीच्या भावाचं लग्न शोधायला घेतलं. भावाचं बरं असतं, त्याचं नाव लग्नानंतर बदलत नाही. बहिणीचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, मग ती पुढे कुठल्या नावाने जगली ते तिच्या नवऱ्याच्या नावावरूनच काढावं लागतं.

यावेळी साल ठाऊक नव्हतं. मग चातुर्मास आणि पौष वगळले आणि १९५४पासून पुढच्या प्रत्येक वर्षाचे मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ तेवढे चाळले. कंटाळवाणं काम. मधेच मला सिनेमाच्या जाहिराती वाचत बसायची सवय लागली, त्यात दुपारच्या दुपारी गेल्या. १९६०च्या वैशाखात भाऊ सापडला. गाव तेच. पण या जाहिरातीत निमंत्रक चुलते होते, आणि वराच्या वडिलांच्या नावामागे "कै." लागलेलं. म्हणजे पणजोबा गेले ते १९५३ आणि १९६०च्या मधे कधीतरी. दोन भावंडांच्या लग्नांनी बापाच्या मृत्यूला दोन्हीकडून कुंपण घातलं.

सात वर्षांचा हा पट्टा हातात घेऊन मी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केला. जमीन असलेला माणूस गेला की जमिनीच्या दप्तरात वारसांची नोंद होते, तोच फेरफार, आणि तो मागताना साल सांगता आलं तर तिथला माणूसही जरा सौम्य होतो. माझी धाकधूक वेगळीच होती. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ला लागू झाला. पणजोबा त्याआधी गेले असतील, तर मुलगा असताना फेरफारात मुलींचा पत्ताच नसणार.

फेरफार १९५८चा निघाला. वारसांत विधवा पत्नी, मुलगा, मग लग्न झालेल्या दोन मुली सासरच्या नावांनी. त्यातली एक १९५३च्या जाहिरातीतली, नवऱ्याचं नाव जुळलं. दुसरी आजीची मोठी बहीण, तिचं नाव आमच्या घरात कधीच कुणी घेतलेलं नव्हतं. आणि शेवटच्या ओळीत मयत मुलगी, म्हणजे माझी आजी, आणि तिचा मुलगा, वय ९, अ.पा.क. (अज्ञान मुलाचा पालनकर्ता) म्हणून वडील, म्हणजे माझे आजोबा. कायद्याप्रमाणे आधी गेलेल्या मुलीच्या मुलालाही पहिल्या वर्गाचा वारस म्हणून वाटा असतो, आणि त्या वेळच्या तलाठ्याने तो इमानाने लिहिला होता.

संध्याकाळी बाबांना झेरॉक्स दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, मग वरची नावं वाचली, परत खाली आले. आता पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाबांचा पहिला प्रश्न होता, "मग माझ्या वाट्याची जमीन गेली कुठे?"

आता मी १९५८नंतरचे फेरफार मागवले आहेत. मोठ्या मावशीआजीच्या सासरचं आडनाव मिळालं आहे, तिच्या मुलांची लग्नं पुढच्या फायलींत बघायची आहेत.