अठरा भोके

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातल्या माझ्या घराच्या भिंतींना अठरा भोके होती. घर रिकामे होईपर्यंत ती मी कधी मोजली नव्हती. फोटो, घड्याळ, कोट अडकवायची खुंटी आणि स्वयंपाकघरातले मसाल्यांचे लहान फडताळ उतरवून झाले आणि दुपारच्या तिरप्या उन्हात पांढऱ्या भिंतींवर काळे ठिपके दिसू लागले, तेव्हा हे घर खरोखरच सुटणार आहे हे मला पहिल्यांदा उमगले. तोवरची सारी तयारी कागदावरची होती.

कागदावरची तयारी जर्मनीत फार लवकर सुरू होते. भाड्याचे घर सोडायचे तर साधारण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही कागदावर आणि स्वतःच्या हाताने सही करून. ईमेल चालत नाही. चालू महिना त्या तीन महिन्यांत धरला जायला हवा असेल, तर पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाला मिळावे लागते. मला सप्टेंबरअखेर निघायचे होते, म्हणून जून संपता संपता मी पत्र टाकले, आणि त्यानंतरचा सबंध उन्हाळा कागदोपत्री सोडून दिलेल्या घरात काढला. माझा अनुभव विचाराल तर ही मुदत सोयीची असली तरी मनाला फार जड जाते, कारण रोजची साधी गोष्टसुद्धा आपण शेवटची म्हणून पाहू लागतो.

जुन्या शहरात रस्त्यांच्या कडेने उघडे, उथळ पाण्याचे पाट वाहतात. त्यांना तिथे ‘बेख्ले’ म्हणतात. लहान मुले दोरी बांधलेल्या लाकडी होड्या त्यांतून ओढत नेतात, आणि चुकून ज्याचा पाय त्यात पडेल त्याचे लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होते, अशी तिथली समजूत आहे. दोन वर्षे मी त्या पाटांवरून सांभाळून पावले टाकली होती. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मात्र बूट काढून काठावर बसले आणि अंधार पडेपर्यंत पाय पाण्यात सोडून राहिले. शहराजवळच्या शाउइन्सलांड या १२८४ मीटर उंचीच्या डोंगरावर केबल कारने गेले, दोन मित्रांचा निरोप घेतला, पुस्तके पेट्यांत भरून पाठवली. या सगळ्यात तीन आठवडे कसे गेले ते कळले नाही.

घर वीरे भागात होते, ड्रायझाम नदीच्या दक्षिणेला, जुन्या चारमजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. जर्मनीत पुष्कळदा भाड्याच्या घराबरोबर स्वयंपाकघराचे सामान मिळत नाही. ओटा, कपाटे, शेगडी हे सारे ज्याचे त्याने आणायचे असते. मी ते आधीच्या भाडेकरूकडून विकत घेतले होते आणि आता नव्या भाडेकरूला दिले, त्यामुळे माझा ओटा तरी जागच्या जागी राहणार होता, याचे मला फार समाधान वाटले. कपबश्या आणि कुंड्या एका खोक्यात भरून, त्यावर ‘फुकट देणे आहे’ अशी चिठ्ठी लावून मी ते इमारतीच्या दाराशी ठेवले. तिथे सगळेच तसे करतात. संध्याकाळी खोक्यात फक्त कान तुटलेला एक कप उरला होता. तो मी उचलून परत वर नेला.

भिंती मात्र मला एकटीला जमेनात. घर होते तसे परत करायचे, खिळ्यांची भोके बुजवायची, असे करारात लिहिले होते, आणि अनामत रक्कम, जी तिथे मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येते, घर ताब्यात घेतल्यावरच परत मिळणार होती. पुट्टीची नळी मी विकत आणली होती. त्या भिंतींवर जाड, खरबरीत कागद चिकटवून वर पांढरा रंग दिलेला असतो. त्यावर मी बोटाने पुट्टी चोपडली, तेव्हा भोक बुजले खरे, पण त्या जागी रुपयाएवढा गुळगुळीत डाग उमटला, आणि तो भोकापेक्षाही अधिक उठून दिसू लागला. चार डाग पडल्यावर मला रडू कोसळले. त्याच अवस्थेत मी खालच्या मजल्यावरच्या आजींचे दार वाजवले.

आजी त्र्याऐंशी वर्षांच्या. त्या अरुंद पात्याची एक पट्टी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन जिना चढून वर आल्या. पुट्टी कणभर घ्यायची, पट्टीने आत दाबायची, वरची सगळी खरवडून काढायची आणि ओली असतानाच ब्रशने हलके टोचत राहायचे, म्हणजे कागदाचा खरबरीतपणा पुट्टीतही उतरतो, हे त्यांनी मला करून दाखवले. पहिले भोक त्यांनी बुजवले, दुसरे मी. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी विचारले, “इथे काय लावले होते तुम्ही?” मी सांगितले, आईचा फोटो. मग प्रत्येक भोकापाशी त्या तोच प्रश्न विचारत गेल्या आणि उत्तर मिळाल्याखेरीज त्यांनी एकही भोक बुजवू दिले नाही. काही ठिकाणी मला आठवेना, तेव्हा त्या पट्टी हातात धरून थांबून राहिल्या.

या आजींनीच मला पहिल्या वर्षी शहरातल्या कॅथेड्रलची, म्हणजे म्युन्स्टरची, जुनी घंटा ओळखायला शिकवली होती. होझाना नावाची ही घंटा १२५८ साली ओतलेली आहे. दर शुक्रवारी सकाळी अकराला ती वाजते, आणि पूर्वी घरोघरच्या बायका तिच्या आवाजावर श्पेट्झले, म्हणजे जाड शेवयांसारखा तिथला पदार्थ, शिजवायला पाण्याचे आधण ठेवत, म्हणून तिला श्पेट्झलेची घंटा असेही म्हणतात. हीच घंटा दर वर्षी २७ नोव्हेंबरला वाजते. १९४४ साली त्या संध्याकाळी बॉम्बवर्षावात जुने शहर जवळजवळ सगळे कोसळले, पण ११६ मीटर उंचीचा म्युन्स्टरचा मनोरा उभा राहिला. दर वर्षी त्या तारखेला आजी मला आपल्या खिडकीशी बोलावून घेत आणि घंटा थांबेपर्यंत दोघी काही बोलत नसू.

अकराव्या की बाराव्या भोकापाशी त्या आपणहून म्हणाल्या, “आमचे घर त्या रात्री गेले. मी पाच वर्षांची होते. घराचे मला काहीच आठवत नाही. फक्त भिंतीवरचा कागद आठवतो. त्यावर निळी फुले होती, आणि माझ्या पलंगाशी एक फूल मी नखाने खरवडले होते.” एवढे बोलून त्या पुन्हा ब्रश टोचू लागल्या. काय बोलावे ते मला सुचले नाही. मी पुट्टीची नळी त्यांच्या पुढे धरून उभी राहिले.

घर ताब्यात घ्यायला आलेल्या माणसाने वीस मिनिटांत सारे आटोपले. त्याने विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घेतले, किल्ल्या मोजल्या, न्हाणीघरातल्या नळावरचा चुन्याचा पांढरा थर बोटाने दाखवून त्याची नोंद केली आणि भिंतींपुढे ‘ठीक’ असे लिहिले. त्याने भिंतींकडे एकदाही निरखून पाहिले नाही, याचा मला तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. आदल्या दिवशी नगर कार्यालयात शहराच्या नोंदवहीतून नाव काढून घेतानाही इतके लागले नव्हते. हा अर्ज निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येतो. तिथल्या बाईंनी शिक्का मारलेला कागद हाती देताना प्रवासासाठी शुभेच्छा तरी दिल्या होत्या.

आमच्या इमारतीत जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्यागणिक एका घराकडून दुसऱ्या घराकडे जात असे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली असे. त्या आठवड्यात ती माझ्या दाराला होती. किल्ल्या दिल्यानंतर मी आजींकडून बादली मागून घेतली आणि तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत जिना पुसला, कठड्यावरूनही फडके फिरवले. पाटी पुढच्या घरी, म्हणजे आजींच्याच दाराला लावायची होती. त्या दारातच उभ्या होत्या, म्हणून मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाटीचा दोरा नीट केला, ती मुठीला अडकवली, आणि बादलीतले पाणी मी ओतू नये, त्या ओततील, ट्रामची वेळ झाली आहे, असे म्हणाल्या.