पाच वर्षांचा फरक

मी इंडियानातल्या एका सार्वजनिक बागेत झाडांच्या नोंदी ठेवते. लोक फोनवर फुलाचा जवळून काढलेला फोटो पाठवतात आणि लगेच नाव मागतात. आयरिस या फुलझाडाच्या बाबतीत नुसतं फूल म्हणजे अर्धाच पुरावा. दांडा किती उंच, फाटे कुठून फुटलेत, पानाच्या बुडाशी जांभळट झाक आहे का, फूल उमलताना कळीवरचं वेष्टन हिरवं असतं की कागदासारखं वाळलेलं, वास कसला, हे वाफ्यात गुडघे टेकल्याशिवाय कळत नाही. त्यातून कॅमेरा निळ्याजांभळ्या रंगाचा पार विचका करतो. अ‍ॅपला विचारा, ते 'दाढीवाला आयरिस' सांगून मोकळं होतं. दाढी, म्हणजे खालच्या पाकळ्यांवरची केसाळ पट्टी, मलाही दिसते हो!

गेल्या वर्षी मे महिन्यात एक्क्याण्णव वर्षांच्या एका बाईंकडे गेले. मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणत होते. शेतावरचं घर विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाला बागेच्या जागी गॅरेज हवं होतं. वाफ्यांत पाटी एकही नाही. पण पहिला तास मजेत गेला. फिकट पिवळी फ्लावेसेन्स, 1813 पासून माहीत असलेली. पॅलिडा डाल्माटिका तर डोळे मिटून ओळखावी, द्राक्षांचा वास आणि चांदीच्या वर्खासारखी वेष्टनं. धुरकट रंगाची क्वेकर लेडी, 1909 ची, मी लांबूनच ओळखली आणि उगाच भाव खाल्ला.

मग पंपाजवळचं बेट. वरच्या तीन पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, खालच्या तीन मखमली जांभळ्या, त्यांना पांढरी कड. वॉबॅश! आमच्याच राज्यातल्या नदीचं नाव. ब्लफ्टनच्या विल्यमसन कुटुंबाची ही जात. वडील बँकेत, छंद चतुरांच्या अभ्यासाचा आणि आयरिसचा. ते 1933 मध्ये गेले. वॉबॅश 1936 मध्ये मुलीच्या, मेरीच्या नावावर बाजारात आली आणि 1940 मध्ये तिला डाइक्स पदक, म्हणजे आयरिसमधला सर्वोच्च मान, मिळालं. हे सगळं मी आजींना रंगवून सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ही माझ्या आईने लग्न होऊन येताना माहेरून आणली. 1931 साली." (शब्द अर्थात 'होम' होता. कुठलं होम, ते मला विचारून घ्यावं लागलं.)

जी जात 1936 मध्ये आली, ती 1931 मध्ये कुणाच्या ओटीत कशी पडेल?

तारखेला बसते ती ऱ्हाइन निक्से, 1910 ची जर्मन जात, रंगसंगती तीच. पण तिच्या पाकळ्या अरुंद, आणि समोरचं फूल चांगलं रुंद. रात्री आयरिसच्या जातींची 1939 ची जुनी नोंदयादी उघडली. हजारो नावं, वर्णनं सांकेतिक अक्षरांत, चित्र औषधालाही नाही. आईने नंतर कधीतरी वॉबॅश विकत घेऊन तिथेच लावली असेल का? की मधमाश्यांच्या कृपेने बी पडून उगवलेलं तिसरंच काही?

आमच्या बागेच्या साहेबांना यातलं काही नको होतं. "वॉबॅश लिहून टाक, लोकांना आवडेल." लोकांना आवडेल हे त्यांचं वनस्पतिशास्त्र. मी पाटीवर 'वॉबॅशसारखी, नाव अनिश्चित' लिहिलं. आजींना तेही पटलं नाही. त्यांच्या लेखी नाव निश्चितच होतं: 'आईची'. ते मी नोंदवहीत लिहिलं. पाटीवर लिहायचं धाडस झालं नाही.

जुलैत बेट खणलं. भिंतीकडच्या बाजूला सात गड्डे निघाले, बाकीच्यांपेक्षा बारीक, जुन्या गड्ड्यांखाली दबलेले. दाटीने खुरटलेले असतील, किंवा मुळात वेगळेच असतील. ते निराळ्या कुंडीत लावले.

यंदाच्या मेमध्ये मोठ्या गड्ड्यांना फुलं आली, तीच रुंद पाकळ्यांची. कुंडीत नुसती पानं. आजी दर रविवारी फोन करतात. आधी कुंडीचं विचारतात, मग माझं.