फणीचे दाते

दुपारी जरा पडावं म्हटलं आणि उगाच लॅपटॉप उघडला. जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली एक फाइल कधीची पडून होती. अंगणात आजी बसलीय, पुढ्यात ताई, आणि आजी तिची वेणी घालतेय. एवढंच. पण सगळे असे फुगलेले का? ताई तेव्हा नुसती काडी होती, इथे चांगली गरगरीत!

कुणीतरी जुनं चित्र रुंद पडद्यासाठी ताणून बसवलं होतं. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये ‘ए’ दाबत गेलं की चित्राचं माप बदलत जातं. ४:३ आलं आणि ताई वाळली.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण वळण बाबांचं. आमच्या टीव्हीचं व्हर्टिकल होल्डचं बटण पाठीमागे होतं. चित्र वर वर पळायला लागलं की बाबा भिंत आणि टीव्ही यांच्या फटीत शिरायचे. तिथून पडदा दिसायचा नाही, म्हणून आम्ही समोरून ओरडायचो, “थोडं... अजून थोडं... अहो, गेलं!” चित्र एकदाचं थांबलं की ते पुढे येऊन रंगाला हात घालायचे. निवेदिका आधी तांबडी, मग हिरवट, मग माणसासारखी. तोवर बातम्या संपलेल्या. त्यांना त्याचं काही नसे. “उद्या बघ कसं दिसतं ते.”

तर आजीचा हात. फणी केसांतून खाली आली की हाताच्या कडेला आडव्या रेघा उठत होत्या, थेट फणीचेच दाते. ते चित्र मुळात अर्धं अर्धं टिपलेलं: सेकंदाला ५० अर्धुकं, एकात विषम ओळी, पुढच्यात सम. मधल्या एक पन्नासांश सेकंदात आजीचा हात थोडा सरकलेला असतो. दोन अर्धुकं एकत्र रचली की मागची भिंत जागच्या जागी, हात मात्र विस्कटलेला. डीइंटरलेस, म्हणजे ही अर्धुकं नीट सांधून दाखवायची सोय, चालू केली, दाते गेले. मग त्यातले प्रकार. ब्लेंडमध्ये हाताला भूत लागल्यासारखी दुसरी कड. शेवटी याडिफवर मन बसलं. त्याच्या नावाची फोड ‘आणखी एक डीइंटरलेसिंग फिल्टर’ अशी आहे, म्हणजे हा किडा एकट्या माझ्याच डोक्यात नाही. चित्राच्या कडा ठसठशीत करणाऱ्या ‘शार्पन’च्या वाटेला मात्र मी जात नाही. कॅसेटवर जे उतरलंच नाही ते आता कुठून येणार? नुसते ठिपके वाढतात.

राहिला आवाज. ओठ हलायच्या आधीच आजी ऐकू येत होती. ‘के’ एकदा दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो. सबंध फाइलमध्ये ती कॅमेऱ्याकडे बघून एकच वाक्य बोलते, म्हणून तेवढंच धरून पुन्हा पुन्हा मागे जात राहिलो. चारदा दाबलं, सहादा दाबलं. नवव्यांदा, जवळजवळ अर्ध्या सेकंदावर, ओठ आणि शब्द चपखल बसले.

“पुरे की रे आता. बंद कर ते.”

कॅमेरा बाबांच्या हातात होता. त्यांनी ऐकलं नाही; फाइल पुढे चार मिनिटं चालू आहे.

आजीचा चेहरा जरा तांबडा वाटतोय. उद्या बघतो.