चुंबक

आमच्या मशीन शॉपमध्ये बेसिनवर एक आरसा आहे. डाव्या कोपऱ्यात ग्रीसच्या बोटाचा ठसा. कितीही पुसला तरी दुसऱ्या दिवशी हजर. मध्यंतरी त्या ठशाशेजारी मी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली : ‘मी समृद्धीचा चुंबक आहे.’

ही आमच्या घराण्याची भाषा नव्हे. एका हॉटेलच्या हॉलमध्ये उद्योजकांसाठी दिवसभराचं शिबिर होतं, तिथून ती आणली होती. कोच म्हणाले, रोज सकाळी आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघून एकवीस वेळा म्हणायचं. मोठ्याने. ‘होईन’ नाही, ‘आहे’. फी भरून बसलो होतो, त्यामुळे पटलंच.

भोसरीतली आमची शेड तशी बेताचीच. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), तीन जुने लेथ, अकरा माणसं. पहिल्याच सकाळी नानांच्या वेळचे मिस्त्री हात धुवायला आले. त्यांनी चिठ्ठी वाचली, सावकाश हात पुसले आणि म्हणाले, “दादा, मॅग्नेट कुठला मागवायचाय? डायलचा, का ग्राइंडरचा चक?”

त्यांचं काय चुकलं? चुंबकाला काय चिकटतं, हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. माप तपासायच्या डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड संध्याकाळी उचलून बघा. बुडाला लोखंडाच्या बारीक किसाची दाढी उगवलेली असते. ती जाताही जात नाही. फुंकर मारा, ब्रश मारा, शेवटी चिंधी घेऊन बसावं लागतं.

असं घोकायची कल्पना तशी जुनी. एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचा फ्रेंच औषधविक्रेता होता. औषध देताना चार शब्द कौतुकाचे बोललं की गिऱ्हाइकाला जास्त गुण येतो, हे त्याने गल्ल्यावर उभं राहून हेरलं. पुढे तो लोकांना सांगू लागला, की दिवसेंदिवस मी सगळ्या बाजूंनी अधिकाधिक बरा होतोय, असं सकाळी उठताना आणि रात्री निजताना वीसवीसदा म्हणा. मोजायला वीस गाठींची दोरी. म्हणजे जपमाळच की! पण त्याचं वाक्य बघा, ‘होतोय’ म्हणतं. औषध विकणारा माणूस. ‘आहे’ म्हणून मोकळं व्हायचं नसतं, हे त्याला कळत असावं.

मला ते पगाराच्या दिवशी कळलं. आमच्याकडे पगार सात तारखेला. एका पार्टीकडे तीन महिन्यांची बिलं अडकली होती. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, हा कायदा २००६पासून आहे. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याला कायदा कोण वाचून दाखवणार? तर त्या सकाळी मी आरशासमोर उभा राहून दुसऱ्या चिठ्ठीवरचं वाक्य म्हटलं, ‘पैसा माझ्याकडे सहज वाहत येतो.’ आतून लगेच आवाज आला, ‘कुठून?’ सहाव्या की सातव्या खेपेला मी गप्प झालो. आदल्या रात्री नुसती काळजी होती, आता वर आपण खोटं बोलतोय हेही आलं.

नंतर वाचलं, की जोआन वुड नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं, त्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं घोकलं, की त्यांना आणखी वाईट वाटतं. गोळी कुणाला लागू पडते? ज्याला फारसं दुखत नाही त्याला!

पण माझी खरी अडचण निराळीच होती. मराठी माणसाच्या तोंडून ‘माझं उत्तम चाललंय’ हे निघतच नाही. ज्या वर्षी पहिली सीएनसी आली, त्या वर्षीही नाना विचारणाऱ्याला सांगायचे, “चाललंय आपलं. बरं आहे.” नजर लागेल ना! शेडच्या दाराला अजून लिंबू-मिरची असते. म्हणजे मी आत समृद्धीचा चुंबक आणि बाहेर लिंबू ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पहाऱ्यावर.

गंमत म्हणजे चांगलं बोलावं हेही आम्हीच शिकवतो. वाईट बोललं की आई दटावायची, “वास्तू तथास्तु म्हणते!” दुकान ‘बंद’ करायचं नाही, ‘वाढवायचं’. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. नाना आजही सहा वाजले की किल्ल्या हातात घेऊन विचारतात, “वाढवू या का?” या सगळ्यात ‘मी’ कुठेच नाही, म्हणून ते जिभेला जड जात नसावं. शब्द दुकानावर घालायचा, मापावर घालायचा. आपण आपले गल्ल्यामागे.

रामदासांनीही ‘मी सज्जन आहे’ असं म्हटलं नाही. २०५ श्लोक आहेत ते मनाला समोर बसवून. आधी ‘सज्जना’ म्हणून गोंजारायचं आणि लगेच कामाला लावायचं. आमचे मिस्त्री नव्या पोराला “बाळा, जरा इकडं ये” म्हणून झाडू देतात, तसं.

२०१०च्या एका प्रयोगात शब्दकोडी सोडवायच्या आधी काहींना ‘मी करीन’ असं लिहायला लावलं होतं आणि काहींना ‘मी करीन का?’ असं. प्रश्नवाल्यांनी जास्त कोडी सोडवली. ‘आहे’ म्हटल्यावर पुढे करण्यासारखं काही उरतच नाही. ‘का’ लावलं की उत्तर द्यावं लागतं.

मी चुंबक काढून टाकला. नवी चिठ्ठी लावली : ‘आज त्यांच्या अकाउंट्सला फोन करशील का?’ हे मात्र एकवीस वेळा म्हणावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी लाजेनेच फोन लावला. “चेक साईनला गेलाय,” असं उत्तर आलं. दरवेळी येतं. पण पुढच्या मंगळवारी निम्मे पैसे जमा झाले.

बुधवारी हात धुताना पाहिलं, तर माझ्या ओळीखाली मार्किंगच्या पेनने आणखी एक ओळ होती. अक्षर मिस्त्रींचं : ‘आणि कूलंट मागवशील का?’