तीस वर्षं आणि एक दिवस

मागच्या महिन्यात मित्राने एक झिप पाठवली, आत वीसेक डॅट फाइली आणि सोबत मेसेज, "यातलं तापमान काढून देशील का रे, घाई नाही." घाई नाही म्हणजे परवापर्यंत, हे एव्हाना मला पाठ झालंय. तो ज्या लायब्ररीत काम करतो तिथे जुन्या पुस्तकांच्या खोलीत २००९ साली तापमान आणि दमटपणा नोंदवणारा लॉगर लावलेला होता. लॉगर भंगारात गेला, सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर होतं तोही गेला, बनवणारी कंपनीही बंद झाली, उरल्या फक्त फाइली.

आधी नेहमीचं करून बघितलं, म्हणजे पहिल्या काही बाइटवरून फाइलचा प्रकार ओळखणं. पीएनजी (चित्राची फाइल) असेल तर सुरुवातीला ८९ ५० ४ई ४७ दिसतं (बाइट सोळाच्या पद्धतीत लिहितात, म्हणून मध्ये अक्षरं), झिप असेल तर पीके (फिल कॅट्झची आद्याक्षरं, त्याने झिप फॉरमॅट काढला म्हणून), तसं काही इथे नव्हतं. प्रकार ओळखणाऱ्या 'फाइल' कमांडने नुसतं 'डेटा' म्हणून हात वर केले. फाइलमधला वाचता येणारा मजकूर काढणारं 'स्ट्रिंग्ज' चालवलं तर मॉडेल नंबर तेवढा निघाला, बाकी कचरा.

मग मी जे करायला नको तेच केलं, हेक्स डंप, म्हणजे फाइलचे सगळे बाइट तसेच्या तसे, उघडून अर्धा तास नुसता बघत बसलो. काही कळत नाही त्याने, डोळे मात्र दुखतात. चहा घेऊन आलो आणि सहज फोल्डरमधल्या साइझकडे लक्ष गेलं. नावात महिना होताच, फेब्रुवारीची फाइल ४३,०७२ बाइट, मार्च ४७,६८०, एप्रिल ४६,१४४. मार्चमधून एप्रिल वजा केला तर १,५३६, म्हणजे एका दिवसाचे बाइट! फेब्रुवारी आणि एप्रिलमधला फरक बरोब्बर याच्या दुप्पट. १,५३६ गुणिले ३१ केले की ४७,६१६, वर उरतात ६४, तो झाला हेडर, फाइलच्या सुरुवातीचा मथळा. एकही बाइट न वाचता एवढं कळलं, आणि मी अर्धा तास डंपकडे बघत होतो.

आता दिवसाला रिडिंग किती? तासाला एक धरलं तर ६४ बाइटचं रेकॉर्ड, दर पंधरा मिनिटांनी धरलं तर १६. डंप एका ओळीत १६ बाइटच दाखवतो त्यामुळे पाचव्या ओळीपासून सगळे कॉलम आपोआप एकाखाली एक लागलेले होते, ते मला आधी दिसायला हवं होतं खरं तर. मार्चच्या फाइलमधली पहिली ओळ ८० ८सी ३सी ११ ने सुरू होते, दुसरी ०४ ९० ३सी ११ ने. डावीकडचे दोन पळतायत, उजवीकडचे गप्प आहेत, म्हणजे हे चार बाइट मिळून वेळेचा एकच आकडा, तोही लिटल एंडियन, लहान टोक आधी, उजवीकडून डावीकडे वाचायचा. उलटं वाचलं असतं तर, १९७० पासूनचे सेकंद धरून, पहिलं रिडिंग मे २०३८ मधलं निघालं असतं! दोन्ही आकड्यांतला फरक ९००, म्हणजे सेकंदांत बरोबर पंधरा मिनिटं. इथे मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली.

पण तशीच १९७० पासून मोजून तारीख काढली तर २ मार्च १९७९. फाइल मार्च २००९ ची, म्हणजे तीस वर्षं मागे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं, यांनी २००० पासून मोजलं असणार, इथपर्यंत ठीक, पण मग १ मार्चऐवजी २ का? हा एक दिवस मला झोपू देईना. शेवटी बोटांवर मोजलं. २००० पासून मार्च २००९ पर्यंत लीप वर्षं तीन, २०००, २००४, २००८. १९७० पासून मार्च १९७९ पर्यंत दोनच, १९७२ आणि १९७६. तोच तो जास्तीचा दिवस. म्हणजे सुरुवात १ जानेवारी २००० हे पक्कं, आता कोणी काही म्हणो.

पुढचं भराभर सुटलं. तापमान दोन बाइटचं, १ई ०१ म्हणजे, तसंच मागून वाचलं की, २८६, दहाने भागलं की २८.६. मी आधी उगाच फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, समजून चार बाइट वाचत होतो. त्यानंतर दमटपणा, तोही तसाच. त्यापुढचे दोन बाइट महिनोन्‌महिने हळूहळू उतरत होते आणि मग एकदम वर, ती बॅटरी, बदललेली तारीखसुद्धा दिसते. मग चार शून्यं, आणि शेवटचे दोन बाइट आधीच्या चौदांची बेरीज. ग्राफ काढला तर मध्येच तापमान ३,२७६.७ अंश, खोलीतली पुस्तकं काय, लायब्ररीच उरली नसती. ते एफएफ ७एफ, दोन बाइटच्या साइन्ड (उणेही चालणाऱ्या) आकड्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या, म्हणजे सेन्सर निघालाय एवढंच. बेरीज तिथेही जुळत होती, त्यामुळे फाइल खराब नाही हे नक्की.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी तक्त्याची फाइल, करून पाठवली. दहा मिनिटांत त्याचा फोन, "अरे ३ एप्रिलचं रिडिंग ४ मार्चला कसं दाखवतंय?" तारखा मी दिवस-महिना अशा लिहिल्या होत्या, त्याच्या स्प्रेडशीटने महिना-दिवस अशा वाचल्या.