५७ फुटांच्या बोटीतला संसार

आमचे घर ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद आहे. ही रुंदी आम्ही निवडलेली नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या बरोबरीच्या अभियंत्यांनी इंग्लंडच्या मध्य भागात कालवे खोदले, तेव्हा चढउतारासाठी बांधलेली बरीचशी लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली नेणारे दारांचे हौद, जेमतेम ७ फूट रुंद ठेवली गेली, आणि त्यांतून जाऊ शकेल अशीच अरुंद बोट, म्हणजे नॅरोबोट, आजही बांधली जाते. पोलादी पत्रा, त्याच्या आतले थंडी अडवणारे अस्तर आणि लाकडी फळ्या वजा जाता आत सहा फुटांच्या आसपास रुंदी उरते. त्यात मी, माझा नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे चौघे राहतो.

पुण्यातल्या नातेवाइकांचा प्रश्न नेहमी जागेचाच असतो. गिरगावात चाळीच्या एका खोलीत सात भावंडांसह वाढलेल्या माझ्या आईला मात्र तो कधीच पडला नाही, आणि तिचेच बरोबर आहे असे आता वाटते. जागेची सवय फार लवकर होते. सवय व्हायला वेळ लागतो तो हिशेबाची. जमिनीवरच्या घरात पाणी, वीज आणि ऊब कुठून येते आणि घाण कुठे जाते हे कोणालाच पाहावे लागत नाही. बोटीवर त्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी आणावी, मोजावी किंवा वाहून न्यावी लागते, आणि ‘कोणीतरी’ म्हणजे आम्हा चौघांपैकीच एक असतो.

बोटीवर येण्याचे कारण लंडनच्या आसपासची घरभाडी हे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ग्रँड युनियन कालवा आणि लंडनच्या युस्टन स्थानकाहून उत्तरेकडे जाणारा रेल्वेमार्ग बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकांच्या सोबतीने जातात, त्यामुळे बर्कहॅमस्टेड, लेटन बझर्ड किंवा वुल्व्हर्टनच्या आसपास बोट काठाला बांधली की माझ्या नवऱ्याला गाडी पकडून कामावर जाता येते. तरीही हे जगणे स्वस्त आहे असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. परवाना, विमा, दर चार वर्षांनी होणारी सुरक्षा तपासणी, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला द्यावा लागणारा काळा लेप, डिझेल, कोळसा आणि गॅस यांची बेरीज केली की भाड्यात वाचलेल्या पैशांचा बराच भाग पुन्हा पाण्यातच जातो.

पाण्याची टाकी बोटीच्या पुढच्या टोकाला आहे आणि तिच्यात सुमारे ५०० लिटर पाणी मावते. इंग्लंडमधल्या घरांत माणशी रोज सुमारे १४० लिटर पाणी वापरले जाते. त्या मापाने आमची टाकी एका दिवसातच कोरडी पडेल. ती पाच-सहा दिवस पुरवणे ही कला आम्हाला शिकवली माझ्या सासूबाईंनी. माण तालुक्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून अनेक उन्हाळे काढलेल्या या बाई एका उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आल्या, आणि आम्ही त्यांना बोटीची ओळख करून देण्याआधीच त्यांनी टाकी किती मोठी आहे आणि नळ पुढे कुठे आहे हे दोन प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवसापासून शॉवरऐवजी बादली-तांब्या आला, भांडी दोन घमेल्यांत घासली-विसळली जाऊ लागली आणि तांदूळ धुतलेले पाणी टपावरच्या कोथिंबिरीला मिळू लागले. मोरीचे पाणी थेट कालव्यात जाते, हे कळल्यावर त्यांनी कढईतले उरलेले तेल कागदाने पुसून घेण्याचा नियमही स्वतःच घालून दिला. “आई, इथे दुष्काळ नाहीये,” असे नवरा एकदा हसत म्हणाला, तर त्या म्हणाल्या, “तुझ्या टाकीत आहे की.” टाकी रिकामी होत जाते तसे बोटीचे नाक वर उचलले जाते आणि मोरीतले पाणी वेगळ्या कोपऱ्यात साचू लागते; आता मापाच्या काट्याकडे न बघता मुलगा त्यावरूनच पाणी संपत आल्याचे सांगतो.

संडासाविषयी लिहायचे टाळणारे लेखन मला अप्रामाणिक वाटते. आमच्याकडे कॅसेट टॉयलेट आहे: बसण्याच्या जागेखाली सुमारे वीस लिटरचा एक बंद डबा असतो, तो भरला की कालव्याकाठच्या ठरावीक ठिकाणी उचलून न्यायचा, ओतायचा, धुवायचा आणि परत बसवायचा. आमच्या घरात याची पाळी ठरलेली आहे आणि ती दोघांचीही आहे. फोनवर हे ऐकून एक नातलग बाई म्हणाल्या, “शी, तिथे यासाठी कोणी माणूस मिळत नाही का?” त्या प्रश्नातच आपला सगळा इतिहास आहे. हे काम जन्मावरून काही माणसांच्या डोक्यावर लादून, वर त्यांनाच अस्पृश्य ठरवणाऱ्या समाजातून आम्ही आलो आहोत, आणि स्वतःच्या कुटुंबाचा मैला स्वतः वाहून नेण्यात किळस किती आणि संस्कारांनी शिकवलेली किळस किती, हे पहिल्या काही आठवड्यांतच उमगते. मुलगी मोठी होईल तशी तिचेही नाव पाळीत येणार आहे, आणि तिला ते आत्ताच सांगून ठेवले आहे.

स्वयंपाकघराचे वेळापत्रक विजेने ठरवले. टपावर सौर पॅनेल आहेत. उन्हाळ्यात ते बॅटऱ्या भरून टाकतात, पण डिसेंबरात येथे दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो आणि सूर्य झाडांच्या वर येत नाही, तेव्हा रोज इंजिन चालवावे लागते. शेजारच्या बोटींना त्रास होऊ नये म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात ते चालवायचे नसते. मिक्सर इतका भार ओढतो की तो इंजिन चालू असतानाच लावलेला बरा, त्यामुळे आमच्याकडे वाटण सकाळी नऊच्या सुमारास, एकदम तीन दिवसांचे होते. इडलीचे पीठ थंडीत कोळशाच्या शेगडीच्या वरच्या फळीवर फुगते. उन्हाळ्यापेक्षा जानेवारीत ते चांगले होते, कारण शेगडी रात्रभर धगधगत असते. गॅस लाल सिलिंडरांतला प्रोपेनच घ्यावा लागतो, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो आणि नेमक्या हिमाच्या सकाळी चहा अडतो. हे सिलिंडर बोटीच्या टोकाशी वेगळ्या कप्प्यात असतात. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून त्या कप्प्याला थेट बाहेर उघडणारी भोके खालच्या बाजूला ठेवलेली असतात.

थंडीपेक्षा दमटपणाशी झुंज मोठी आहे. कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाफ, चार माणसांचा श्वास आणि दोरीवर वाळत टाकलेले मोजे यांचे सगळे पाणी शेवटी खिडकीच्या थंड काचेवर येऊन ओघळते. पापड चामट होतात, मीठ ओले होते, ज्वारीचे पीठ घट्ट डब्यात ठेवूनही महिन्याभरात वास धरते, म्हणून ते थोडे-थोडे आणावे लागते. पाहुण्यांना वाटते की टपावरची आणि दारातली हवेची भोके बुजवली तर ऊब टिकेल. ती बुजवायची नसतात. बंद पोलादी डब्यात कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्या माणसांसाठी कार्बन मोनॉक्साइड हा खरा धोका आहे. २०१९ पासून बोटींवर त्याची सूचना देणारी धोक्याची घंटा सक्तीचीही झाली आहे. मिरचीची फोडणी दिली की धुराची घंटा वाजते, ती वेगळी. दोन्हींचा आवाज मुलांना ओळखता येतो आणि कोणत्या आवाजाला हसायचे व कोणत्या आवाजाला ताबडतोब बाहेर पळायचे, हेही त्यांना पाठ आहे.

लॉकवरचे नियम तर त्याहून कडक आहेत. काठावर पळायचे नाही, बोट आणि काठ यांच्यामधल्या फटीवरून उडी मारायची नाही, बाहेर पाऊल टाकताना जीवरक्षक जाकीट हवेच, आणि सतरा टन वजनाची बोट हातापायांनी अडवायला जायचे नाही. खाली उतरताना लॉकच्या वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक काँक्रीटचा उंबरठा असतो. पाणी ओसरत असताना बोटीची मागची बाजू त्यावर राहिली तर ती तिथेच अडकते, पुढची बाजू मात्र खाली जात राहते आणि काही मिनिटांत बोट बुडू शकते. म्हणून काठावर पांढऱ्या रंगाची खूण असते आणि तिच्यापुढे बोट ठेवायची असते. मुलगी त्या खुणेजवळ उभी राहून ओरडून सांगते. एरवी आईवडिलांवर ओरडायची परवानगी नसलेल्या मुलीला हे काम मनापासून आवडते.

भांडणांचे काय, असे मैत्रिणी हळूच विचारतात. दार आपटून दुसऱ्या खोलीत जाण्याची सोय येथे नाही, कारण दुसऱ्या खोलीत जायला पहिल्या माणसाच्या अंगावरूनच जावे लागते. भांडण काठावरच्या पायवाटेवर न्यायचे अशी आमची रीत पडली आहे. पूर्वी त्याच वाटेवरून घोडे बोटी ओढत. चालता-चालता भांडण विरते असे मी म्हणणार नाही, पण मुलांना ते ऐकू जात नाही.

आमच्याआधी या कालव्यांवर जी कुटुंबे राहिली, त्यांच्यापुढे आमची अडचण ही अडचणच नव्हे. रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचे दर पडले, मजूर परवडेनासे झाले आणि नावाड्यांनी बायकामुलांनाच बोटीवर आणले. सगळी बोट कोळशाने किंवा धान्याने भरलेली असायची आणि कुटुंबाला मागच्या टोकाची सुमारे दहा फुटांची खोली मिळायची. स्टोक ब्रुअर्नच्या कालवा संग्रहालयात तशी खोली पाहायला मिळते: कपाटाचे दार खाली पाडले की टेबल, दुसरे पाडले की पलंग. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने या मुलांच्या हालांविषयी आवाज उठवल्यावर १८७७ मध्ये कायदा झाला, राहत्या बोटींची नोंदणी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. त्या कायद्यातली एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते: शाळेच्या कामासाठी बोटीवरचे मूल, बोटीची नोंद ज्या गावात असेल त्या गावचे मानावे. प्रत्यक्षात बोट सतत चालती असल्याने शाळा सुटतच राहिली, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून गेल्यावर हा धंदाही जवळजवळ संपला.

पत्त्याचा प्रश्न मात्र आमच्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. आमची बोट कायमच्या जागेवर बांधलेली नाही. १९९५ च्या कायद्यानुसार अशा बोटीने खरोखर प्रवास करत राहायला हवे आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक कालव्यांची व्यवस्था पाहणारा कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट बोटींच्या नोंदी घेत असतो. डॉक्टरकडे नाव घालायला इंग्लंडमध्ये पत्त्याचा पुरावा लागत नाही, पत्रे एका मित्राच्या घरी येतात, आणि प्राथमिक शाळेपर्यंत मुले कधी पायी, कधी सायकलने, तर कधी एखादे स्टेशन रेल्वेने वडिलांबरोबर जातात. लांबचे प्रवास, म्हणजे ब्लिसवर्थचा २,८०० मीटरांहून लांब बोगदा ओलांडून ब्राउनस्टनपर्यंत जाणे वगैरे, सुट्ट्यांत होतात. हे सारे जमते, पण नकाशा पुढ्यात घेऊन, आठवडे मोजून जमवावे लागते.

माध्यमिक शाळेचे अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असतात, आणि घर शाळेपासून किती दूर आहे यावर बऱ्याच शाळांचे प्रवेश ठरतात. दर पंधरवड्याला घर हलत असेल तर ते अंतर कुठून मोजायचे, हे स्थानिक परिषदेला पत्र लिहून विचारले आहे. दरम्यान, निवासाची परवानगी असलेल्या एका मरिनाच्या, म्हणजे बोटी कायमच्या बांधून ठेवण्याच्या तळाच्या, प्रतीक्षायादीत आम्ही नाव नोंदवले आहे; अशा जागा थोड्या असतात आणि त्यांचे भाडे आमच्या हिशेबात आत्ता तरी बसत नाही. नवऱ्याच्या मते कर्ज काढून ती जागा घ्यावी, माझ्या मते आधी परिषदेचे उत्तर येऊ द्यावे. मुलीचे म्हणणे असे की, एकाच ठिकाणी बोट बांधून ठेवायची असेल तर मग पुढचा डबा मरिनात कुठे ओतायचा, हे आधी कोणीतरी जाऊन बघून यावे.