नटलेलं गाव, घरातलं गाव

परदेशी पाहुण्यांना सोलापुरात काय दाखवायचं हे ठरलेलंच असतं. सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, चादरींचं दुकान, आणि घरी कडक भाकरी नि शेंगाचटणी. भाचीकडे राहायला आलेली चेक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "मावशी, इथलं रेडिओ स्टेशन बघता येईल?" कुठल्याही गावी गेली की ती हेच विचारते म्हणे. संग्रहालयात गाव नटूनथटून बसतं, रेडिओवर ते घरातल्या कपड्यांत सापडतं. मला पटलं.

परवानगी काढून आकाशवाणीत गेलो. स्टुडिओबाहेर चपला काढायच्या. एक जाड दार, पुढे आणखी एक. दोन्ही लागली की आपलं रणरणतं ऊन आणि रिक्षांचे हॉर्न बाहेरच राहतात. आत सांगोल्याकडचे एक शेतकरी डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलायला आले होते. लिहून आणलेलं वाचत होते आणि हातातला कागद माइकवर त्यांच्यापेक्षा जास्त बोलत होता. काचेपलीकडून अधिकाऱ्यांनी थांबवलं. "मामा, कागद ठेवा बाजूला. मी बांधावर भेटलोय, मला सांगा." मग काय! रोगट फांदी कुठून छाटायची, कात्री दर झाडाला औषधात का बुडवायची, मामा हातवारे करत सांगत सुटले. आमच्या पाहुणीला अक्षर कळत नव्हतं, तरी ती माना डोलवत होती.

संध्याकाळची सभा, म्हणजे प्रसारण, सुरू झाली, तशी आकाशवाणीची ती धून लागली. शिवरंजनीतली. ही बांधली वाल्टर कॉफमन यांनी, असं मी सांगितलं. जन्म १९०७, कार्लोव्ही व्हारीचा. हिटलरच्या काळात, १९३४ साली मुंबईला आले आणि पुढे तिथल्या आकाशवाणीत रमले. पोरगी उडालीच. तिच्या पिल्झेनपासून ते गाव जवळच, पण नाव कधी ऐकलं नव्हतं. (ऐकणार कुठून? पहाटे ती धून ऐकत मोठे झालेल्या आपल्याकडे तरी कितीजणांना ठाऊक आहे!)

बाहेर मामा चपला शोधत होते. भाचीला मध्ये घालून त्यांनी विचारलं, "हिच्याकडं डाळिंब होतंय का?"

"नाही, हॉप्स होतात. वेल असतो, बिअरला लागतो."

"बिअरला? मग दर पडत नसंल बघा त्याचा."

अधिकारी मागेच उभे होते. म्हणाले, "मामा, हे आत बोलला असता तर!"